सप्तमीचं पान

इंदाक्का खराडेला आशिया खंडाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा खंड म्हणजे कृष्णेकाठचं हळदीचं रान, हळद शिजवायची काहील आणि सासऱ्यानं बांधलेला काळ्या दगडाचा घाट. त्याच्या पलीकडं जे काही होतं ते तिच्या लेखी सगळं मिरज. तरीपण दुपारचे बारा वाजले की ती काहिलीचा जाळ सुनेवर सोपवायची, पदरानं तोंड पुसायची आणि भिंतीवरच्या पडद्यापुढं पाट टाकून बसायची. कारण त्या वेळेला ‘आशिया : आजची तारीख’ लागायचं, आणि ते न बघणारा माणूस गावात एकच होता, तोही आंधळा.

आज जी तारीख असेल त्या तारखेला सारा आशिया काय करत होता, ते त्यात दाखवायचे. सांगायचे नाहीत, दाखवायचे. समरकंदच्या चौकात उंटांचा तांडा उतरतोय. त्याच तारखेला, त्याच फरशीवर, शंभर वर्षांनी माणसं उलटी टांगलेली. अंगकोरच्या पायरीवर कुणी पाथरवट कपाळाचा घाम निपटतोय. जपानात एका देवळाच्या अंगणात लेकरं दोरीवरून उड्या मारतायत, आणि एकाएकी जमीनच त्यांना उडवते. आवाज नाही. नुसती चित्रं, जुन्या दगडांतून यंत्रानं काढलेली, पाणी घातलेल्या ताकासारखी फिकी. पहिल्याच वर्षात लोकांना कळून चुकलं की अख्ख्या खंडात एक तारीख धड नाही. जिच्यावर कुणाचं लग्न लागलं, तिच्यावर कुणाची तरी मान उतरलेली आहे. लोकांनी वाढदिवस सोडले नाहीत, पण केक कापताना एकमेकांकडं बघेनासे झाले.

मग जे व्हायचं तेच झालं. राजे-रजवाडे बघून पोट भरलं, आणि लोकांना शेजाऱ्याचं अंगण बघायचा डोहाळा लागला. तासगावकडं एकीनं दारातल्या उंबऱ्याचा दगड वाचून घेतला आणि तिसऱ्या दिवशी माहेरी गेली. शहाण्यांनी दगडांवर ताडपत्र्या घातल्या. ज्यांनी घातल्या, त्यांच्याकडं गाव जास्तच बघायला लागलं.

हे यंत्र घेऊन फिरणाऱ्यांतली एक बाई मिरजेचीच निघाली. डॉक्टर निलोफर मुजावर. कृष्णेवरचा एक घाट कार्यक्रमात घ्यायचा म्हणून ती माघात जागा बघायला आली. घाट खराड्यांचा, तेव्हा परवानगी इंदाक्काची. इंदाक्कानं तिला पायरीवर बसवलं, हातात चहा दिला आणि विचारलं, “दगडाला डोळं कवा फुटलं गं?”

“डोळे नाहीत, आक्का. अंगावर वळ राहतात तसं समजा,” निलोफर म्हणाली. “या दगडात गारगोटीचे बारीक कण असतात. ऊन पडलं की त्या कणांतले विद्युतकण जागचे सुटतात आणि आतल्या फटीत अडकून बसतात. कुठल्या फटीत, ते ऊन कुठल्या कोनातून आलं त्यावर ठरतं. मधे माणूस आला तर त्याच्या अंगावरून उडालेला उजेड वेगळ्या फटीत अडकतो. ते तसंच राहतं, शेकडो वर्षं. आम्ही त्याच कोनातून लेझर सोडतो. अडकलेलं सुटतं, सुटताना चमकतं, आणि त्या चमकेचं चित्र होतं.”

“मग कवाबी बगावं की. आजच्याला आजचंच का दिसतंय?”

“सूर्यामुळं. तो रोज थोडा सरकतो. आज ज्या वाटेनं तो घाटावरून जाईल, त्याच वाटेनं पुढच्या साली याच तारखेला जाणार. वर्षातनं आणखी एकदा जातो, पण तेव्हा दगड निराळा तापलेला असतो, ते वेगळं काढता येतं. म्हणजे आजचं ऊन आजच्याच तारखेचं कुलूप उघडतं. आत वर्षांचे थर. वर अलीकडचं, खाली जुनं.”

मग तिनं हसत एक गोष्ट सांगितली. सैबेरियातल्या एका गावानं आपल्या वीराची मिरवणूक बघायची म्हणून जुन्या पद्धतीची तारीख दिली. ती तेरा दिवसांनी चुकलेली. सारं गाव नटूनथटून जमलं, आणि दिसली चिखलात रुतलेली एक गाडी. “यंत्राला पंचांग कळत नाही, आक्का. कॅलेंडरही कळत नाही. फक्त सूर्य कळतो. इंग्रजी तारीख सूर्याबरोबर चालते, म्हणून ती जुळते.”

इंदाक्का खो खो हसली. “त्येंचं पंचांग चुकलं म्हण की. आमचं न्हाई चुकत.”

तिथंच तिचं चुकलं. पण इंदाक्काला चूक दाखवायची कुणाची टाप होती?

परवानगी द्यायला तिची एक अट होती. यंत्र यायचं ते फाल्गुन वद्य सप्तमीला. दुसऱ्या कुठल्या दिवशी आलं तर घाटाला हात लावू देणार नाही.

सप्तमीला तिचा एकुलता एक लेक गेला होता. एकोणतीस वर्षं झाली. नाव धैर्यशील, लाडानं धैर्या. भर दुपारी घाटावर पोहायला उतरला. बायको स्वप्नाली खालच्या पायरीवर धुणं धूत होती. घाटावर कपडे राहिले, चपला राहिल्या, माणूस राहिला नाही. त्या साली नदीत मगरींनी धुमाकूळ घातला होता. दोन म्हशी आणि एक गुराखी आधीच गेला होता. चार दिवस होड्या फिरवल्या. बोटसुद्धा मिळालं नाही. मग भटजीनं दर्भाचा पुतळा करून जाळला.

इंदाक्काच्या उरात मगर नव्हती. तिच्या उरात एकच गोष्ट रुतली होती. स्वप्नाली त्या दिवशी घाटावरून घरी सांगायला आली ती चालत आली. “नवरा मगरीनं नेलेली बाई चालत येती व्हय? चप्पल घालून?” हे वाक्य तिनं एकोणतीस वर्षं गावाला ऐकवलं होतं. ढकललं तरी असेल, नाहीतर बुडताना बघत तरी बसली असेल. तिला हवा होता पुरावा. दगड बोलायला लागले म्हटल्यावर तिला देवच भेटला. मरायच्या आधी एकदा लेकाचं तोंड बघायचं होतं, आणि सुनेचं काळं करायचं होतं. साऱ्या आशियापुढं.

आणि दहाव्याची गोष्ट तर अख्ख्या तालुक्याला पाठ होती. याच घाटावर पिंड मांडला, पण कावळा शिवेना. चिंचेवर बसून होता, खाली उतरत नव्हता. मामानं सांगितलं, तुझी गाय सांभाळीन, नाही. चुलत्यानं सांगितलं, देऊळ रंगवीन, नाही. शेवटी इंदाक्का उठली आणि हात जोडून म्हणाली, “धैर्या, तुझ्या बायकुला म्हायेरी धाडणार न्हाई. मरस्तवर ह्या घराचा उंबरा वलांडू देणार न्हाई. माझ्या डोळ्याम्होरं ठिवीन.” आणि तेवढ्यात कावळा झपकन उतरला. घास घेऊन गेला. सगळ्यांनी कपाळाला हात लावले. लेकानं वरून हुकूम दिला होता. हुकूम मोडणारी इंदाक्का नव्हे.

तेव्हापासून स्वप्नाली घर, काहील आणि घाट यापलीकडं गेली नाही. बाप वारला तेव्हा नाही, आई वारली तेव्हा नाही. बी.कॉम. झालेली पोर, हळद वेचून, शिजवून, तिचे तळवे बारमास पिवळे. गावातल्या प्रत्येक नवरीच्या अंगाला तिनं शिजवलेली हळद लागायची, आणि ती मांडवात दिसली तर बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या. जाच केला तरी उलटून बोलायची नाही. इंदाक्काला तेच सलायचं. तोंडाला तोंड देणारी सून असती तर दोन दिवसांत मोडली असती.

निलोफर अट ऐकून स्वयंपाकघरात आली होती. स्वप्नाली डाळ पाखडत होती. इंदाक्का दारातच उभी.

“ताई, सप्तमी म्हणजे यंदा तीस मार्च येते,” निलोफर म्हणाली. “आम्हाला तारीख पक्की लागते. तीसच ना?”

स्वप्नालीनं सूप खाली ठेवलं. सासूकडं बघितलं, मग निलोफरकडं. “हो,” ती म्हणाली. “तीसच बरोबर आहे.”

“तिला काय इचारतीस?” इंदाक्का म्हणाली. “मेलेल्याला तिथी असती. तारखा सायबांच्या.”

*

सप्तमी उजाडली. सकाळपासून घाटावर जत्रा. कुणी छत्र्या आणल्या, कुणी सतरंज्या, एकानं तर ऊसाच्या रसाचा गाडाच लावला. चिंचेखाली यंत्राची तिवई, पायऱ्यांवर तारांचं जाळं, आणि दीपमाळेला टेकवून एवढा मोठा पडदा. आज समरकंदनंतर आपला घाट. थेट, साऱ्या आशियात.

इंदाक्का इरकल नेसून वरच्या पायरीवर खुर्चीत बसली होती. तोंडात पाण्याचा थेंब नाही. आज श्राद्ध. शेजारी केळीच्या पानावर भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी. कावळा शिवला की मग घरानं जेवायचं, ही तिची दरवर्षीची रीत. स्वप्नालीला तिनं मुद्दाम पुढ्यात, पायरीवर उन्हात बसवलं होतं.

“पदर काढ तोंडावरचा,” ती म्हणाली. “लोकांना दिसू दे.”

“बरं, आत्याबाई,” स्वप्नाली म्हणाली आणि पदर मागं घेतला.

बारा वाजले. पडद्यावर आधी गेल्या सालचा घाट आला. दोन म्हशी, एक कुत्रं. लोक हसले. मग एकेक साल खाली जात राहिलं. महापुरानंतरचा गाळ. कुणाची तरी सायकल. आपापल्या मेलेल्या म्हाताऱ्या पडद्यावर धुणं आपटताना दिसल्या तशा बाया हुंदके द्यायला लागल्या. निलोफरनं हात वर केला. “आक्का, आता तुमचं साल.”

इंदाक्कानं खुर्चीचे दांडे धरले.

पडद्यावर धुणं नव्हतं. पोहणारं कुणी नव्हतं. घाटावर माणसंच माणसं बसलेली. पुरुषांची डोकी नुकतीच भादरलेली. मधे भाताचा पिंड. आणि एक काळ्या केसांची, ताठ मानेची बाई हात जोडून उभी.

“आक्का, तुमी हाय!” कुणीतरी ओरडलं. “आन हे तर दहाव्याचं हाय की!”

“सप्तमीचं लाव,” इंदाक्का म्हणाली. “हे न्हवं.”

निलोफर गोंधळली. तिनं यंत्राकडं बघितलं, मग बोटांवर मोजलं, आणि तिचा चेहरा उतरला. “आक्का... त्या साली सप्तमी एकवीस मार्चला आली होती. यंदा तीसला आलीय. तिथी सरकते, सूर्य सरकत नाही. आज तीस मार्च आहे. त्या साली तीस मार्चला दहावा होता.”

“मग बंद कर.”

“आता बंद करता येत नाही. सगळीकडं चालू आहे.”

पडद्यावर मामा बोलला, चुलता बोलला. चिंचेच्या फांदीवर कावळा बसून. आणि मग गर्दीतल्या एका पोरीनं बोट दाखवलं. “ते दीपमाळंमागं कोण बसलंय?”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. त्या दिवशी घाटावर बसलेल्यांची पाठ दीपमाळेकडं होती. दगडाला पाठ नसते. दीपमाळेमागं, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक माणूस उकिडवा बसला होता. मांडीवर कागदाची पुडी. शेंगा फोडून खात होता, टरफलं फुंकत होता. मधेच त्यानं उन्हाकडं बघून तोंड वाकडं केलं, टॉवेल काढला आणि त्यानंच मान पुसली.

एकोणतीस वर्षांनी इंदाक्कानं लेकाचं तोंड बघितलं.

 रसवाल्यानं चाक थांबवलं. पडद्यावर काळ्या केसांची इंदाक्का उठून हात जोडून बोलत होती. कसलं काय, ते सगळ्यांना पाठ होतं. दीपमाळेमागचा माणूस कंटाळला. त्यानं जांभई दिली. मग हाताशी पडलेला एक खडा उचलला आणि चिंचेवर भिरकावला. कावळा दचकून उडाला, गिरकी घेऊन थेट पिंडावर उतरला. झाडून सगळ्यांचे हात कपाळाला गेले. इंदाक्का जमिनीवर डोकं टेकून रडत होती. आणि तिचा लेक तोंडावर टॉवेल दाबून हसत होता.

मग चित्रातली आणखी एक मान हलली. बायकांत बसलेली, कपाळ पुसलेली, पंचविशीची स्वप्नाली. एकटीच तिरकी बसलेली. तिनं मान वळवून सरळ दीपमाळेकडं बघितलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तिनं मान खाली घातली.

“शेंगा खातोय की रं,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि फसकन हसलं. एक हसला की गाव हसतं. ज्यांनी तिच्यापुढं एकोणतीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं ते हसले. इरकल नेसलेली इंदाक्का खुर्चीत बसून राहिली, आणि साऱ्या आशियानं तिच्याकडं बघून घेतलं. मग पडदा बदलला आणि इराणातल्या एका पुलावरून घोडे जायला लागले.

*

माणसं पांगली. जाताना एकेकानं चोरून वळून बघितलं. निलोफर जवळ येऊन म्हणाली, “आक्का, माझं चुकलं, मी खोदून विचारायला पाहिजे होतं.” इंदाक्कानं तिला हातानंच झटकलं. ती तारा गुंडाळायला गेली. घाटावर दोघी उरल्या. पान तसंच होतं. कावळा नव्हता.

“तुला ठावं हुतं,” इंदाक्का म्हणाली.

“हो.”

“आज काय दिसणार त्येबी.”

“मला तारखा शाळेपासून लक्षात राहतात, आत्याबाई. त्या दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या होत्या. तीस मार्च.”

“का ग्येला त्यो?”

स्वप्नालीनं पिवळे तळवे गुडघ्यांवर ठेवले. “तुमच्यापासून सुटायला. म्हणाला, आई जिवंतपणी सोडायची नाही, मरावंच लागेल. महिन्याभरात तुला न्यायला येतो, तोंड उघडू नकोस. मी उघडलं नाही. नवऱ्याचं ऐकायचं, हे तुम्हीच शिकवलेलं.”

“आन आला न्हाई.”

“आला की. बारा वर्षांनी. नावेतनं आला, घाटावर पायसुद्धा ठेवला नाही. दाढी वाढवलेली. मस्कतला राहतो म्हणाला. तिकडं बायको केलीय, पोरं आहेत. मला बघून म्हणाला, तू अजून हितंच?” स्वप्नाली जराशी हसली. “मग तुमची चौकशी केली.”

इंदाक्काची मान पुढं आली. “काय म्हनाला? काय इचारलं त्येनं?”

“‘आई कशी हाय?’”

“आन तू?”

“मी सांगितलं, गेल्या.”

नदीत काहीतरी डुबकलं. इंदाक्का खुर्चीत पुढं सरकली. “जित्या माणसाला मारलंस, सटवे.”

“तुम्हीपण मारलंच होतं. वर त्याला जेवायलाही बोलवत होतात.”

“आगं, मला एकदा सांगायचं. मी त्याच्या पाया पडून त्याला आनला असता! तुला सोन्यानं मढवली असती!”

“तुम्ही मला कधी काही विचारलंत का? नुसतं सांगितलंत.” तिचा आवाज चढला नाही. “पहिली काही वर्षं सांगावंसं वाटायचं. मग वाटेना. दरवर्षी सप्तमीला तुम्ही उपाशी बसायचात, कावळ्याला हात जोडायचात, धैर्या ये रे, धैर्या जेव रे करायचात. मी चुलीपाशी बसून ऐकायची. वर्षातला तेवढा एक दिवस मला बरा जायचा.”

इंदाक्कानं उठायचा प्रयत्न केला.  जन्मभर दुसऱ्याला बसवणारी बाई, उठवायला कुणी नव्हतं. “मस्कतला कुटं? नाव सांग, गाव सांग. मी फोन लावती. आज त्येनंबी बगितलं आसंल. सारा आशिया बगतो म्हनं.”

“आज नाही बघायचा. आज तिकडं घरात पडदा लावत नसतील.”

“का?”

“रडला तो नावेत. विचारलं, आई कुठल्या तिथीला गेली? दरवर्षी आईचं पान मांडीन म्हणाला. मला पटकन काही सुचेना.” स्वप्नाली उठली, लुगडं झटकलं. “मी म्हटलं, फाल्गुन वद्य सप्तमी. लक्षात ठेवायला सोपी.”

ती पायऱ्या उतरायला लागली. खाली पलीकडच्या तीराची नाव लागलेली होती.

“उंबरा वलांडू नगंस!” इंदाक्का ओरडली. “मी पिंडाला सबुद दिलाय!”

“तो खड्याला दिलात,” स्वप्नाली मागं न बघता म्हणाली. नावेत बसताना तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या नाहीत, तशीच बसली. घाई केली नाही.

नाव पल्याड गेली. ऊन कलायला लागलं. इंदाक्कानं चिंचेकडं बघितलं. “ये,” ती म्हणाली, सवयीनं. मग कुणाला बोलावतोय ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं तोंड मिटलं.

समुद्रापल्याड कुठंतरी या घटकेला असंच एक पान मांडलं असेल. भात, वडे, खीर. तिच्या नावानं. तिथं कावळे असतात की नाही, तिला माहीत नव्हतं.

पोटात सकाळपासून कण नव्हता. कावळा काही येईना. बऱ्याच वेळानं इंदाक्का खुर्चीवरून घसरत पायरीवर बसली, मेलेल्यासाठी मांडलेलं पान तिनं स्वतःपुढं ओढलं, आणि गार झालेल्या भाताचा पहिला घास तोंडात घातला.